मे महिन्यातली फवारणी, फेब्रुवारीतले मणी : नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील एक प्रकरण

२०१० सालच्या एप्रिल महिन्यात, नाशिक जिल्ह्यातील बहुतेक निर्यातीच्या बागा खुडून रिकाम्या झाल्या होत्या आणि खरड छाटणीची लगबग सुरू होती, त्या दिवसांत युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. हे नाव बागायतदारांपैकी फार थोड्यांनी ऐकलेले होते. मात्र त्याच औषधाला सगळा द्राक्षपट्टा ‘सीसीसी’ म्हणून ओळखत होता आणि पिढी-दीड पिढी वापरत होता. युरोपीय संघाने खाण्याच्या द्राक्षांसाठी त्या वेळी ठरवलेली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. हा आकडा किती बारीक आहे ते हिशेब मांडल्यावरच कळते : वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम औषध असले की ती मर्यादा गाठली जाते. जो माल न्हावा शेव्याहून निघून समुद्रात होता त्याचे काय होणार, जो रॉटरडॅमला उतरला होता तो कोण उचलणार आणि ज्याचे पैसे अजून यायचे होते ते येणार की नाही, या तीन प्रश्नांशिवाय त्या महिन्यात निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत गावोगावच्या पारांवर दुसरा विषय उरला नव्हता.

त्या हंगामात मी निफाड तालुक्यातील एका पॅकहाऊससाठी, म्हणजे निर्यातीचा माल निवडून खोक्यांत भरणाऱ्या केंद्रासाठी, बागांना भेटी देण्याचे आणि फवारणीच्या नोंदी तपासण्याचे काम करीत होतो. आमच्याशी तीसेक बागायतदारांचा एक गट जोडलेला होता. पुढे जे लिहिले आहे ते त्या गटाचे, त्या पॅकहाऊसचे आणि त्यांच्याभोवतीच्या माणसांचे प्रकरण आहे. कोणाचेही नाव दिलेले नाही, कारण त्यातील काही जणांनी जे सांगितले ते नाव राहणार नाही या शब्दावरच सांगितले होते.

साखळी कशी बांधलेली होती

या प्रकरणातील खरी अडचण अशी की बेफिकिरी कुठे दाखवावी हेच कळेना. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले, आणि त्या धक्क्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने, अंश-नियंत्रणाची देशव्यापी योजना आखली. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या योजनेची संदर्भ प्रयोगशाळा झाली. २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय प्रणाली सुरू झाली आणि बागेपासून कंटेनरपर्यंतची प्रत्येक पायरी एका जागी दिसू लागली. कृषी खात्याने प्लॉटची नोंदणी करायची, प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः बागेत येऊन वेगवेगळ्या ओळींतून घड कापून नमुना न्यायचा, तपासणीचा निकाल थेट प्रणालीत चढवायचा, नमुना नापास झाला तर त्या प्लॉटसाठी अंतर्गत इशारा निघायचा, पास झाला तरच माल पॅकहाऊसमध्ये घ्यायचा, मग ॲगमार्कचे प्रमाणपत्र, मग वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र, आणि मग कंटेनरला सील. ताज्या फळांसाठी अशी व्यवस्था देशात पहिल्यांदाच उभी राहिली होती आणि तिचा अभिमान वाटण्यासारखी परिस्थितीही होती. युरोपातल्या दुकानातील एखाद्या खोक्यावरचा क्रमांक वाचून ते द्राक्ष कोणत्या गावच्या कोणत्या गटनंबरातून आले हे सांगता येत होते.

आमच्या गटाचे त्या हंगामातील सर्व निर्यात प्लॉट नियमानुसार तपासलेले होते आणि अहवाल स्वच्छ होते. बागायतदारांच्या वह्यांत मणी सेटिंगनंतर, म्हणजे फुलाचा मणी धरल्यावर, मारलेल्या प्रत्येक औषधाची तारीख, मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी नीट भरलेला होता. वह्या मीच पाहिल्या होत्या, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो. शिवाय तो हंगाम आधीच सर्वांच्या कमरेवर बसलेला होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून गेले, त्याबरोबर आलेल्या पावसाने ऐन फुलोऱ्यातल्या बागांवर डाऊनी हा बुरशीजन्य रोग पसरला, आणि जो माल वाचला तो बागायतदाराने दिवसाआड ब्लोअर (ट्रॅक्टरमागचे फवारणी यंत्र) फिरवून वाचवला होता. एवढे करूनही पास झालेल्या मालात अंश निघाले, तेव्हा पहिला संशय ‘तिकडच्या लोकांनी भाव पाडायला केलेला डाव’ असाच होता. हा समज तेव्हा शिकलेल्या माणसांनाही पटत होता, आणि कबूल करतो की मलाही आठवडाभर पटत होता.

तीन वह्यांमधली रिकामी जागा

सीसीसीचा उपयोग काय, हे द्राक्षशेतीबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, जिच्यानंतर घड बाहेर पडतात. घड ऑक्टोबरात दिसत असले तरी ते डोळ्यात आधीच तयार झालेले असतात. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या वेळी वेल शेंड्याकडेच धावत राहिली, पेरी लांबली, तर डोळे वांझ राहतात आणि ऑक्टोबरात घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, निघते. सीसीसी मारले की शेंडा थांबतो, पेरे आखूड पडते, काडी जाड होते. आपल्याकडे द्राक्षावर त्याच्या वापराला नोंदणीही होती. त्यामुळे मे महिन्यात सीसीसी मारणारा बागायतदार चोरून काहीच करीत नव्हता. त्याच्या बापाने मारले, कृषी सेवा केंद्रवाल्याने दिले, आणि बागेला घड लागले.

आता तीन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून पाहू. बागायतदाराची निर्यातीची वही गोडी छाटणीपासून सुरू होत होती, कारण प्लॉटची नोंदणी त्याच सुमारास होई आणि ‘निर्यातीचा माल’ म्हणजे तिथपासून पुढचा, असा सगळ्यांचा समज होता. प्रयोगशाळेची यादी ठरलेली होती आणि त्या यादीत हे नाव नव्हते. शिवाय यादीत नसलेले औषध योगायोगाने दिसून जावे अशीही सोय नव्हती, कारण शेकडो औषधे एकाच वेळी शोधण्याच्या पद्धतीत द्राक्षाच्या लगद्यातून औषध एथिल ॲसिटेटसारख्या द्रावकात ओढून घेतले जाते, आणि क्लोरमेक्वाट हा क्षारासारखा, पाण्यातच रमणारा पदार्थ असल्यामुळे तो त्या द्रावकात येतच नाही. त्याच्यासाठी वेगळा अर्क काढून वेगळी तपासणी लावावी लागते. कृषी सेवा केंद्राच्या बिलबुकात मात्र एप्रिल-मेमध्ये कोणी किती सीसीसी नेले याची तारखेसह नोंद होती, पण ते बिलबुक या साखळीचा भागच नव्हते.

म्हणजे ज्यांना फवारणी माहीत होती त्यांना तिचे अंश नऊ महिने टिकतात हे माहीत नव्हते, ज्यांना अंशांचे शास्त्र माहीत होते त्यांना मे महिन्यातल्या बागेत काय चालते याच्याशी कर्तव्य नव्हते, आणि ज्याला दोन्हीच्या मधला व्यवहार माहीत होता त्याला कोणी विचारलेच नव्हते. हे औषध वेलीत मुरते, लाकडात साठते आणि पुढच्या बहराबरोबर मण्यांत उतरते. युरोपातल्याच पेअरच्या बागांत वापर थांबवल्यावरही काही वर्षे त्याचे अंश सापडत राहिले होते. ही माहिती जगात होती, मांजरीत मिळण्याजोगी होती, फक्त निफाडच्या मे महिन्यात नव्हती.

पहिला महिना वाया कसा गेला

एप्रिलचा बाकीचा भाग दोष कोणाचा यात गेला. निर्यातदाराने पॅकहाऊसला विचारले, पॅकहाऊसने मला विचारले, मी बागायतदारांना विचारले. मी प्रश्न विचारला तोच चुकीच्या तऱ्हेने. प्रत्येकाच्या ओट्यावर जाऊन, हातात वही घेऊन, ‘तुम्ही सीसीसी मारलं होतं का?’ असे विचारत गेलो. माल अडकलेला, अंतिम हिशेब थांबलेला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर, आणि समोर पॅकहाऊसचा माणूस पेन उघडून बसलेला. अशा वेळी ‘हो’ म्हणणारा वेडाच म्हणायचा. जवळपास सर्वांनी ‘नाही’ सांगितले आणि मी ते तसेच लिहून आणले. तो कागद पाहून आमचे व्यवस्थापक, ज्यांची स्वतःची पिंपळगाव बसवंतजवळ बाग होती, एवढेच म्हणाले, “मी मारलंय. म्हणजे गटात एकटा मीच का?”

इथून या प्रकरणाने वळण घेतले. व्यवस्थापकांच्या भावाचा मुलगा विमान देखभालीच्या क्षेत्रात होता आणि त्याच्याकडून त्यांनी अमेरिकेतील एका प्रयोगाबद्दल ऐकले होते. तो प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण आमच्या शेडमधल्या बैठकीची बेतणी त्यावरून झाली. अमेरिकेत १९९६ साली अवघ्या सव्वादोन महिन्यांत व्हॅल्यूजेटचे ५९२ आणि टीडब्ल्यूएचे ८०० ही दोन उड्डाणे कोसळून अनुक्रमे ११० आणि २३० माणसे गेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने १९९७ मध्ये प्राणघातक अपघातांचे प्रमाण दहा वर्षांत ८० टक्क्यांनी खाली आणावे असे सांगितले. हे काम एकट्या नियामकाने न करता विमान कंपन्या, विमान बनवणारे, वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक आणि सरकार यांनी एका टेबलाशी बसून करायचे ठरवले, आणि त्यातून कमर्शियल एव्हिएशन सेफ्टी टीम उभी राहिली. दहा वर्षांत प्राणहानीचा धोका ८३ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. नवा कायदा फारसा नव्हता. ज्याचा ज्याचा अडचणीत हात आहे त्याला उपाय शोधण्याच्या जागी बसवायचे, आणि ज्याने आपली चूक आपणहून सांगितली त्याला त्या चुकीबद्दल फासावर चढवायचे नाही, एवढीच दोन सूत्रे होती. वैमानिकांनी आपल्या चुका गुप्तपणे कळवण्याची नासाची व्यवस्था तर तिथे १९७६ पासूनच चालत होती.

विमान आणि द्राक्ष यांत एक मोठा फरक आहे आणि तो आम्हाला पुढे अनेकदा अडला. वैमानिक स्वतः त्याच विमानात बसलेला असतो, म्हणून सुरक्षेत त्याचा जीव गुंतलेला असतो. द्राक्षाच्या साखळीत मात्र तोटा वरून खाली घरंगळत येतो आणि शेवटी बागायतदाराच्या दारात थांबतो. आयातदार दाम कापतो, निर्यातदार तो पुढे ढकलतो, पॅकहाऊस आपली मजुरी वळती करून घेते. त्यामुळे ‘आपण सगळे एकाच होडीत’ असे म्हणणाऱ्याकडे बागायतदार साशंकपणे पाहतो, आणि ते बरोबरच आहे.

शेडमधली बैठक

मे महिन्यात ग्रेडिंगचा शेड रिकामाच असतो. क्रेटच्या थप्प्या भिंतीला लावून, ग्रेडिंगच्या स्टीलच्या टेबलांभोवती खुर्च्या मांडून बैठक घेतली. गटातील वीस-बावीस बागायतदार, दोन कृषी सेवा केंद्रांचे मालक, तालुक्याचे कृषी सहायक, निर्यातदाराचा प्रतिनिधी आणि पुण्याहून आलेले एक रसायनतज्ज्ञ असे लोक होते. कृषी सेवा केंद्रवाल्यांना बोलावण्याला गटातील दोघांचा विरोध होता : ‘ज्यांनी विकलं त्यांनाच पंगतीला बसवता का?’ व्यवस्थापक अडून राहिले.

सुरुवातीला प्रत्येकाला, पॅकहाऊसच्या माणसांनाही, एकसारख्या कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. मागच्या खरड छाटणीपासून काढणीपर्यंत वेलीवर गेलेली सर्व औषधे लिहायची, लेबल नसलेल्या बाटल्यांतलीही. नाव, गाव, गटनंबर काही लिहायचे नाही. चिठ्ठ्या एका रिकाम्या खोक्यात टाकायच्या. मी त्या फळ्यावर एकत्र लिहिल्या. सीसीसी बहुतेक चिठ्ठ्यांत होते आणि काहींत दोनदा, म्हणजे पाच पानांच्या अवस्थेत एकदा आणि पुन्हा सबकेननंतर (शेंडा खुडल्यावर फुटणाऱ्या उपकाडीनंतर). तीन चिठ्ठ्यांत ते ऑक्टोबर छाटणीनंतरही होते, कारण पावसाने फूट माजली होती. आणि आठ-नऊ चिठ्ठ्यांत ‘टॉनिक, नाव माहीत नाही’ असे लिहिलेले होते.

फळा भरला तेव्हा शेड शांत होता. मग नाना म्हणून सगळे ज्यांना हाक मारतात ते गटातले सर्वांत जुने बागायतदार उठून म्हणाले, “साहेब, हे औषध मारलं तवा घड जन्मालाबी नव्हते. मेमधलं औषध फेब्रुवारीच्या मण्यात निघंल कसं? आम्हाला खोटं पाडायचं असंल तर पाडा, पण हे आधी समजून सांगा.”

रसायनतज्ज्ञ बाईंनी टेबलावरची पाण्याची बाटली आणि गोडेतेलाची बाटली घेऊन दोन्ही एका ग्लासात ओतले, त्यात चिमूटभर मीठ टाकले आणि ढवळून विचारले, मीठ कुठे गेले? पाण्यात. “आमचं यंत्र वरच्या थरातलंच पाहतं,” त्या म्हणाल्या, “म्हणून आम्हाला ते दिसलं नाही. आमचा अहवाल खोटा नव्हता, पण तो जे पाहिलं त्याच्यापुरताच होता.” प्रयोगशाळेच्या माणसाने आपल्या अहवालाची हद्द अशी सर्वांसमोर सांगितली, याचा गटावर झालेला परिणाम मी नंतर कित्येक महिने पाहत होतो. त्याच बैठकीत एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाने, बराच वेळ मोबाईलशी चाळा केल्यावर, ‘टॉनिक’च्या बाटल्यांविषयी तोंड उघडले. त्यांतल्या काहींत काय असते हे त्यालाही माहीत नव्हते. कंपनीचा माणूस माल उधारीवर टाकून जातो आणि रिझल्ट दिसतो म्हणून गिऱ्हाईक पुन्हा मागते. त्याने तसल्या दोन बाटल्या तपासणीला द्यायचे कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी आणूनही दिल्या.

औषध बंद, मग घडांचे काय?

‘सीसीसी मारू नका’ हे सांगायला अर्धे वाक्य पुरते. पण बागायतदार जे मारतो ते हौसेने मारत नाही. ऑक्टोबरात घड निघाले नाहीत तर वर्ष जाते. नुसती बंदी आली असती तर सीसीसी दुकानाच्या मागच्या दाराने, लेबल काढून आले असते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. त्यामुळे बैठकीचा उरलेला आणि जास्त लांबलेला भाग उत्पादनावर गेला.

ज्या दोन-तीन चिठ्ठ्यांत सीसीसी नव्हते त्या कोणाच्या, हे विचारायची गरज पडली नाही. ते बागायतदार आपणहून बोलले. त्यांच्यापैकी एकाची जमीन हलकी, मुरमाड होती आणि त्याला औषधाची गरजच पडत नव्हती. दुसऱ्याची काळी जमीन असूनही तो घडनिर्मितीच्या काळात ठिबकचे पाणी मोजून निम्म्यावर आणत असे, नत्र पूर्ण थांबवत असे, सात पानांवर शेंडा मारून सबकेन करीत असे आणि काड्यांची गर्दी काढून प्रत्येक डोळ्यावर ऊन पडेल असे पाहत असे. शास्त्रज्ञांची शिफारसही हीच होती आणि पुस्तिकांत ती छापलेली होती. मात्र पुस्तिकेतले पाणी आणि शेजारच्या मळ्यातले पाणी यांत बागायतदार दुसऱ्यावर विश्वास ठेवतो. जूनपर्यंत त्या बागेत गटाचे बहुतेक लोक दोनदा तरी जाऊन आले.

तरी धाकधूक होतीच. तिच्यावर उपाय म्हणून गोडी छाटणीच्या आधी डोळे तपासणी सक्तीची केली. ही तपासणी प्रत्यक्ष पाहण्यासारखी असते. प्लॉटमधून पंचवीस-तीस काड्या आणायच्या, ब्लेडने डोळ्याचा उभा काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. हिरवट-पांढऱ्या पापुद्र्यांच्या आत मोहरीहून लहान, बोंडासारखा, कडेला दातरे असलेला ठिपका दिसला की तो घड. कितव्या डोळ्यात तो सापडतो त्यावरून छाटणी कुठे घ्यायची हे ठरते. नानांनी डोळा लावून पाहिले, बाजूला झाले, पुन्हा पाहिले आणि नातवाला बोलावले. औषध न मारताही डोळ्यात घड आहे हे सप्टेंबरात दिसले, तेव्हा सुरक्षेचा विषय बागायतदाराच्या बाजूने पहिल्यांदा फिरला. अंदाजाने पाचव्या डोळ्यावर कात्री लावणारे काही जण त्या वर्षी सहाव्या-सातव्यावर गेले आणि त्यांचे घड वाढले. सीसीसीचा खर्च वाचला तो वेगळाच.

पुढच्या हंगामातली परीक्षा

२०१०-११च्या हंगामात क्लोरमेक्वाटची तपासणी आता यादीत आली होती. आम्ही शेवटच्या नमुन्याची वाट न पाहता, मण्यांत पाणी उतरू लागले की लगेच आपल्या पातळीवर एक प्राथमिक नमुना तपासायचे ठरवले. त्याचा खर्च बागायतदाराने निम्मा आणि पॅकहाऊसने निम्मा उचलायचा, आणि त्या निकालावरून कोणाला गटातून काढायचे नाही, असा लेखी करार झाला. निर्यातदाराने खर्चात वाटा द्यायला नकार दिला. त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याने मागच्या वर्षीचे घाव अजून मोजून संपवले नव्हते.

जानेवारीत जे भय होते तेच झाले. ज्यांनी खरड छाटणीनंतर सीसीसीला हातही लावला नव्हता अशा काही प्लॉटमध्ये अंश निघाले. त्यातला एक प्लॉट अशा बागायतदाराचा होता ज्याच्या सचोटीबद्दल गावात कोणी चकार शब्द काढणार नाही. एक वर्षापूर्वी हेच घडले असते तर तो खोटारडा ठरला असता, वही फाडली गेली असती आणि त्याच्या भावकीतले चार लोकही गट सोडून गेले असते. या वेळी तो स्वतः अहवाल घेऊन शेडमध्ये आला आणि म्हणाला, “मागच्या वर्षी दोनदा मारलं होतं, चिठ्ठीत लिहिलंय मी.” ती चिठ्ठी निनावी होती; ‘ती माझी आहे’ असे त्यानेच सांगितले. तज्ज्ञ बाईंनी फोनवर विचारून लाकडात साठलेल्या अंशाचा हिशेब लावला, आणि त्यानंतर गटाने एक नियम केला की मागच्या दोन वर्षांची फवारणी माहीत असल्याशिवाय कोणताही प्लॉट निर्यातीला धरायचा नाही. वह्यांचे पहिले पान त्या वर्षीपासून एप्रिलचे झाले. नोंदणी गोडी छाटणीनंतर होवो की आधी, आमची वही कात्री लागल्या दिवशी उघडते.

नापास प्लॉटचा माल युरोपला गेला नाही. तो कुठे गेला, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला मी सोयीस्कर बगल देणार नाही. काही माल आखाती देशांना गेला आणि बराचसा देशातल्याच बाजारपेठांत गेला, जिथे त्या अंशाची कोणी तपासणी मागत नव्हते. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. प्रत्येक देशाच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि ०.०५ हा आकडा ओलांडला म्हणजे माणूस आजारी पडतो असेही नाही. पण एका बैठकीत एका बागायतदाराच्या पत्नीने, ज्या चहा घेऊन आल्या होत्या, ट्रे ठेवता ठेवता विचारले, “गोऱ्यांच्या पोरांना चालत नाही ते आपल्या पोरांना चालतं का?” त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. गटाने घरी खाण्यासाठी आणि गावात विकण्यासाठीही निर्यातीच्याच वहीत फवारणी लिहायची, एवढे ठरवले. ते सर्वांनी पाळले असे मी म्हणणार नाही.

दोन बागायतदार त्या वर्षाअखेर गट सोडून गेले. त्यांना चिठ्ठ्यांचा प्रकार पोरखेळ वाटला. एका कृषी सेवा केंद्राने आमच्या बैठकांना येणे थांबवले. दुसऱ्याने मात्र आपल्या बिलावर सक्रिय घटकाचे नाव मराठीत लिहायला सुरुवात केली, आणि त्यामुळे वही भरण्याचे माझे अर्धे काम हलके झाले.

तिसऱ्या हंगामात चिठ्ठ्यांच्या खोक्यातून सीसीसी जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याऐवजी एक नवी तक्रार वारंवार येऊ लागली. द्राक्षावर कधीच न मारलेल्या एका कीटकनाशकाचे बारीक अंश कडेच्या ओळींत सापडत होते. नकाशा काढल्यावर कळले की ते सर्व प्लॉट टोमॅटोच्या शेतांना लागून आहेत आणि वारा तिकडून येतो. टोमॅटोवाला आमच्या गटात नव्हता, ग्रेपनेटमध्ये नव्हता, कोणत्याच यादीत नव्हता. त्याला बैठकीला बोलावायचे ठरले तेव्हा त्याला काय सांगायचे याची तयारी करूनच आम्ही बसलो होतो. तो आला, स्टीलच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला, चहा घेतला, आणि आम्ही तोंड उघडण्याआधी म्हणाला, “बरं झालं बोलावलंत. तुमच्या ब्लोअरचं पाणी तीन वर्षं माझ्या टोमॅटोवर येतंय, त्याचं आधी काय करायचं ते बोला.”